टाचेची जागा

आधी चार स्क्रू, मग दाराखालची चकचकीत पट्टी,
मग कार्पेटची कड, दोन बोटांत धरून,
वाळलेल्या जखमेवरचं फडकं सोडवावं तशी.
एकाहत्तर सालची मर्सिडीज.
शुवैखच्या आमच्या शेडमध्ये ऑगस्टात पत्र्यालाही घाम फुटतो,
आणि मिशारी समोरच खुर्ची टाकून बसलेला.
"ओरिजिनल, उस्ताद," म्हणतो, "धागासुद्धा."

नवं कार्पेट मागवता येतं जर्मनीहून, कापून, शिवून, खोक्यात.
त्याला नको. त्याला हेच हवंय,
खोबऱ्याच्या वाटीच्या पाठीसारखं तपकिरी,
बारीक गाठींच्या लोकरीचं,
त्याच्या बापाच्या बुटांखालचं.

उचललं. खाली वाळू, चाळून ठेवलेल्या पिठासारखी.
वाळूखाली काळा थर. तेलकट. बोट सोडेना.
"एक्क्याण्णव," मिशारी म्हणाला.
पुढं काही बोलला नाही.
मी तेव्हा कोल्हापुरात ट्रकच्या गाद्या शिवत होतो,
भाकरी बांधून आणलेल्या पेपरात
हेच आभाळ काळं छापलेलं होतं,
वर चटणीचं तेल उतरलं होतं, मला फरक कळला नव्हता.

काळ्याखाली पुन्हा वाळू, जुनी, जरा तांबूस.
तिच्यात खजुराच्या दोन बिया, बिस्किटाचा चांदीचा कागद
आणि बाईच्या झग्याचं एक बटण.
बटण तेवढं मिशारीनं उचललं, फुंकर मारली, खिशात टाकलं.
मी ब्रश धुवायला गेलो.

कार्पेट उलटं केलं तर पाठीला गोणपाट.
नाक लावलं. माझी पैज आहे, ताग आपल्याकडचाच.
कुठल्या तरी बोटीनं जर्मनीला गेला,
तिथं लोकर पाठीवर घेतली,
आणि उतरला इथं, वाळवंटात.
पन्नास वर्षं कुणी त्याला सरळ पाहिलं नाही.
मी दाभण खाली ठेवून थोडा वेळ पाहिला.

मागच्या सीटपुढं कार्पेट अगदी कोरं.
बापाचे बूट तिथं नुसते असायचे.
झिजलंय ते पुढं, डावीकडं, पेडलच्या बुडाशी:
लिंबाएवढी जागा, लोकर गेलेली, गोणपाटही गेलेलं,
खाली पत्रा गुळगुळीत.
उजव्या पायाची टाच. वर्षानुवर्षं, एकाच ठिकाणी.
"कोण चालवायचं?"
"बलोच होता एक. दुर मुहम्मद."
"कुठं असतो आता?"
मिशारीनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला.
आठवायला लागला, आणि आठवेना.
"हे तेवढं भर," म्हणाला. "भोक बरं दिसत नाही."

ओरिजिनलनंच भरायचं ओरिजिनल.
मागच्या सीटच्या पोटात, जिथं ऊन कधी गेलंच नाही,
तिथून तळहाताएवढा तुकडा कापला.
त्याचा रंग पाहून दोघंही गप्प झालो.
मग रंग कोणता होता हे आम्हांला आत्ता कळलं.
तीन दिवस उन्हात वाळत घातला, पाणी मारलं, परत वाळवला,
बाकीच्यांत मिसळावा इतका म्हातारा केला.
काल रात्री शिवला, आतून, चोरटाक्यानं.
टाचेभोवतीची झिजलेली कड कापली होती ती फेकायला हात होईना.
तीही सारली खाली, गोणपाट नि पत्रा यांच्यामध्ये,
आणि वरून टाका घातला.
बिलात ते लिहिलेलं नाही.

सकाळी मिशारी गुडघ्यांवर बसला, हात फिरवला,
कुठं जोडलंय ते त्याला सापडेना.
"शंभर टक्के," म्हणाला, आणि चावी माझ्याकडं फेकली,
"चौकापर्यंत घेऊन ये."

घेतली. गाडी दुधासारखी हलली.
फक्त माझी टाच टेकेना नीट.
इकडं ठेवली, तिकडं ठेवली,
सिग्नल हिरवा झाला,
मागून हॉर्न वाजायला लागले.