पहिला आकडा

तमालेच्या बाजारात शिया लोण्याच्या टोपल्यांपुढे
फुसेनी सौरदिवा लावून दाखवतो.
भर उन्हात तो पेटलेला कळतही नाही.
"किती म्हटलं तर महाग वाटेल?
किती म्हटलं तर इतका स्वस्त, की शंका यावी?"

सनातू दिवा उलटा करते,
नखाने काच वाजवते, नाक मुरडते :
"वीस सेडी."

आता हा कपाळाला हात लावेल,
नव्वद म्हणेल, लेकरांची शपथ घेईल,
मग ती उठल्यासारखं करेल.
साठ कमरेच्या गाठीत मोजून ठेवलेत.

तो लिहितो, वीस.
आभार मानून पुढच्या टोपलीकडे.

आक्रात, पडद्यावर,
तीनशे बायकांचे पहिले आकडे.
दिवा रद्द.

टोपली आवरताना सनातू गाठ चाचपते.
येईल परत.
एवढ्यावर कुणी उठून जातं का?