परिशिष्ट तीन

केस अकरा पानांची आहे.
नावं बदलली आहेत : 'अ' म्हणजे अडत्या,
'ब' म्हणजे इंदूरचा खरेदीदार.
गावाला 'नदीकाठचं एक बाजारगाव' म्हटलंय मी,
तरी पहिल्याच परिच्छेदाला मागच्या बाकावरून आवाज :
"सर, हे हरिपूरच की."

साडेसहाचा वर्ग. विश्रामबागेत दुसरा मजला,
खाली झेरॉक्सवाला, वर आम्ही.
निम्मी मुलं दिवसा कामाला :
बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजला, पतपेढीत, टायरच्या दुकानात.
रिकामा डबा बाकाखाली, डोळ्यांत झोप.

प्रसंग असा.
'अ'नं जूनमध्ये एक पेव विकलं, न उघडता,
नमुन्याच्या मूठभर हळदीवर आणि तोंडच्या शब्दावर.
पैसे पोचले. ऑगस्टात नदी पेवावरून गेली.
'ब'ला ठाऊक नाही; तो दिवाळीनंतर माल उचलणार.
वाळवून, पॉलिश मारून, थोडा रंग देऊन
खपेल, असं 'अ'चा पुतण्या म्हणतो.
तुम्ही 'अ' आहात. काय कराल?

पार्श्वनाथ उपाध्येनं फळ्यावर चार घरं आखली.
धोक्याच्या घरात आधी नदी लिहिली,
मग ती पुसून 'ब' लिहिलं.
हसलो सगळे. मीही.

तबस्सुम अत्तार म्हणाली, फोन आजच करायचा,
तोटा निम्मा निम्मा वाटून घ्यायचा,
पुढची वीस वर्षं तो माणूस दुसऱ्या दारी जाणार नाही.
म्हणजे खरं बोलायचं ते गिऱ्हाईक टिकावं म्हणून?
ती जरा थांबली.
"फायदा झाला म्हणून खऱ्याचं खोटं होतं का, सर?"
शिक्षकांसाठीच्या टिपणात
याला उत्तर नाही. टिपण मीच लिहिलंय.

आणि मग खिडकीशी मयूरी ऐवळे,
वर्षभर जिचा आवाज हजेरीपुरता.
"सर, पेव उघडणार कोण?"

पानं चाळली. आहे ना, म्हटलं, परिशिष्ट तीन :
हमाली व इतर, रुपये अठराशे.
"इतर म्हणजे?"

फळ्यापाशी आली नाही ती. जागेवरूनच सांगत राहिली.
तोंड मोकळं करून पेव दिवसभर तसंच ठेवतात.
आधी कंदील सोडतात, दोरीला बांधून.
विझला तर वर ओढायचा, थांबायचं,
परत सोडायचा.
ओली हळद आत बसली की हवा मरते, सर.
वरनं कळत नाही.
मालकाला घाई असली
की कंदील एकदाच सोडतात.

तिचे वडील अजून उतरतात का
हे कुणी विचारलं नाही.
खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं, ते ऐकू येत राहिलं.

आठ वाजले. पार्श्वनाथनं फळा पुसला,
चौकटीच्या रेघा तेवढ्या राहिल्या अंधुक.

मी आयर्विन पुलावरून स्कूटर हळू घेतली.
खाली कृष्णा, अंगात काही नसल्यासारखी.
एक गोष्ट वर्गात सांगायची राहिली :
त्या पेढीवर अडीच वर्षं मी वह्या लिहिल्यात.
'अ'ला मी काका म्हणायचो.
अठराशेचा आकडा माझ्या हातचा,
'इतर' हा शब्दही माझा,
कारण रकाना अरुंद होता
आणि नावं दोन होती.

रात्री केसला बारावं पान लावायला बसलो.
'तुम्ही अ आहात' एवढं वाक्य खोडलं.
खाली लिहिलं :
तुम्ही दोरी धरून उभे आहात.
कंदील विझलाय.
खिशात फोन वाजतोय, पेढीवरूनच असणार.
काय कराल?

किती गुणांचा प्रश्न, ते अजून लिहिलेलं नाही.