पेल्याच्या तळाची चांदणी

रविवारचं चर्च या खेपेला आमच्या कोठारात.
दोनशे तरी लागतील, आई म्हणाली,
कारण प्रवचन तिसऱ्या तासात शिरलं
की पोरं बाकांवर चुळबुळायला लागतात,
आणि मग कुकीजचं ताट फिरतं,
मांडीवरून मांडीवर, आवाज न करता.

ओहायोतला मार्च. कुंपणाकडेला मळका बर्फ.
आईकडे माप नव्हतं.
लोणी बोटानं दाबायची: खळगा पडला पाहिजे,
बोट बुडता कामा नये.
मग तेल. हो, तेलसुद्धा.
आणि साखरा दोन, दाणेदार अन् पिठी.
"एक दाताला, एक जिभेला."
अंडी मी फोडायची. कवच आत पडायचं,
ती हसायची, चमच्यानं काढायची, काही बोलायची नाही.

अक्रोडाएवढे गोळे. मग जॅमचा रिकामा पेला
साखरेत बुडवून, हलकेच, गोळ्यावर.
आमच्या कुकीज म्हणून सपाट, गुळगुळीत.
आजीच्या पेल्याला तळाशी चांदणी कोरलेली होती.
तो सविलामावशीनं नेला,
गुडघे टेकून दिलेला शब्द मोडून
ती वूस्टरच्या ट्रकवाल्याशी लग्न करून गेली तेव्हा.

त्याच दुपारी ती आली.
गाडी रस्त्यावरच ठेवली, लांब, घोडा बुजू नये म्हणून.
केस खांद्यापर्यंत कापलेले. हातात पत्र्याचा डबा.
"रविवारी तुला कमी पडतील," ती आमच्या घरच्या भाषेत म्हणाली,
आणि डबा पुढे केला.

आईचे हात पिठात होते.
ते वर आले, आणि हवेतच राहिले.
बाहेर पडलेल्याच्या हातून काही घ्यायचं नाही.
द्यायला बंदी नाही. घ्यायला आहे.
मी नऊ वर्षांची; मला हे सातच्या पाढ्यासारखं पाठ होतं,
आणि सातच्या पाढ्यासारखंच
मध्ये कुठेतरी अडखळायचं.

मावशीनं त्या हातांकडे पाहिलं.
डबा टेबलावर ठेवला, सांडलेल्या मैद्यात.
"घोडा नवा घेतलात वाटतं," म्हणाली, आणि बाहेर गेली.
घोडा जुनाच होता. तिनंच त्याचं नाव ठेवलेलं.

आईनं हात पुसले एप्रनला. पुसतच राहिली.
मग झाकण काढलं.
प्रत्येक कुकीवर चांदणी,
टोकाटोकांत साखर अडकलेली.
एक उचलून तिनं खिडकीशी धरली,
कितीतरी वेळ,
इतका की आमचा ट्रे करपला.
आईचा ट्रे! तोवर कधीच नाही.
काळ्या कडा आम्ही कोंबड्यांना घातल्या.

मग तिनं आमच्या सपाट कुकीज कागदी पिशवीत भरल्या,
दोन डझन, वर आणखी चार,
आणि अंगणात जाऊन मावशीच्या हातात दिल्या.
सरळ हातात.
दोघींच्या मध्ये घोडा. मला पाय दिसत होते फक्त,
काळे बूट आणि निळे बूट,
आणि ऐकू आलं एवढंच:
"आंच जास्त ठेवतेस तू."
"ठेवते."

रविवारी ताट फिरलं. सपाट आणि चांदणीच्या, सरमिसळ.
बिशप गिंगरिचच्या नातवाला चांदणीची मिळाली.
तो ती खाईना. बोटानं टोकं मोजत बसला,
सहा, पुन्हा सहा.
बायकांच्या बाकावर आई स्तोत्रांच्या पुस्तकात बघत होती.
सगळ्यांनी पान उलटलं,
तिचं तेवढं राहिलं.

डबा परत करायला हवा, ती म्हणायची,
आणि रिकामा कसा द्यायचा, असंही.
उन्हाळा गेला. मका कापून झाला.
मग एके दिवशी पाहिलं तर
त्यात तिनं कपड्यांच्या टाचण्या ठेवल्या होत्या,
आणि त्या काढताना
रोज सकाळी बोटांना साखर लागायची.