अठरा-एकोणीसचा पाना

कळंब्यातनं सुटून सात्ताप्पा आधी माझ्याकडं आला,
उद्यमनगरात, लेथच्या दारात.
जोतिबाची यात्रा नुकतीच झालेली, ऊन कडक.
हातात कापडी पिशवी, तिच्यात दोन शर्ट
आणि साडेचार वर्षांच्या सुतारकामाची मजुरी, एका पाकिटात.
दार सताड उघडं होतं.
तरी तो उंबऱ्याबाहेर थांबला,
कुणीतरी नाव पुकारावं
तसा.

चहा आला.
आम्हा सगळ्यांना काचेच्या ग्लासात,
त्याला कागदी कपात.
मी पोऱ्याला तसं सांगितलं नव्हतं.
सांगितलं नव्हतं, एवढंच म्हणू शकतो.

"मालक, काय बी द्या. झाडलोट करतो, बीड उचलतो."
तळहात पुढं केले. रंध्यानं घट्टे पडलेले.
मी म्हणालो, "काम मंदा हाय रे सध्या. दिवाळीनंतर बघू."
मागं पाच मशिनी फिरत होत्या.
त्यांच्या आवाजात
ते वाक्य मला दोनदा सांगावं लागलं.

तो गेला आणि मी पाने मोजले.
बारा-तेरा. चौदा-पंधरा. सोळा-सतरा. वीस-बावीस.
परत मोजले.

तक्रार नाही केली, खोटं कशाला बोलू.
नुसतं बोललो.
शेजारच्या फौंड्रीत, चहाच्या गाडीवर, तालमीच्या कट्ट्यावर.
संध्याकाळी शिरोलीहून एकाचा फोन आला:
"तुझा पाना गेला म्हणं?"

पुढचं तुकड्या-तुकड्यानं कानावर आलं.
भावानं त्याच्या वाटणीच्या खोलीचं दार विटांनी बुजवलेलं,
वर गिलावा, वर निळा रंग.
बायको इचलकरंजीत, सायझिंगमध्ये.
तिचा निरोप: पोरीचं ठरतंय, तेवढं होईतो येऊ नका.
वॉचमनची जागा होती एका अपार्टमेंटात,
तिथं चारित्र्याचा दाखला मागितला.
पिठाच्या गिरणीत लागला, अकरा दिवस टिकला.
त्या अकरात राजारामपुरीत दोन मोटरसायकली गेल्या,
आणि दोन्ही वेळा पोलिसांनी रात्रीत उचलला यालाच.
सकाळी सोडला. पण गिरणी सकाळी सातला सुरू होते.

बराकीतला एक पिंटू घस्ते म्हणून होता,
त्यानं एवढंच विचारलं म्हणे, "जेवलास का?"
त्याच्या टेंपोत तांब्याची तार होती.
नदीकाठच्या मोटरींची.

पेपरात चार ओळी. सराईत चोरटा जेरबंद.
सराईत म्हणजे सराव असलेला.
मी तो शब्द बराच वेळ बघत बसलो.
मोजायचा सराव मलाही होता की.

खंडेनवमीला आम्ही सगळं धुतो, रॉकेलनं, फडक्यानं.
तीन नंबरच्या लेथखाली पोऱ्या आडवा झाला,
बिडाचा कीस ओढून काढत होता वर्षभराचा,
आणि त्यातनं खणकन वाजलं काहीतरी.

"मालक, अठरा-एकोणीस!"
खुशीत होता तो. मी म्हटलं, पूस आणि ठेव पूजेत.
हळद लावली, कुंकू लावलं,
झेंडूचं एक फूल त्याच्या जबड्यात खोचलं.
नारळ फोडताना हात घसरला माझा.
दिवाळी अजून वीस दिवसांवर होती.

कळंब्याकडं निघालो होतो एकदा.
गाडीला किक मारली, रंकाळ्यापर्यंत गेलो,
तिथं भेळ खाल्ली
आणि माघारी आलो.

पाना आता फळीवर, आपल्या जागी आहे.
पण अठराचा नट आला की
मी अजून पोऱ्याकडं स्लाइड पानाच मागतो.
तो नीट बसत नाही. घसरतो.
नटाच्या कडा जातात,
मग तो कुठल्याच पान्याला
ऐकत नाही.