जिन्यामागची खोली

सव्वासहाची नंदगड-बेळगाव गाडी.
मांडीवर कुंद्याचा रिकामा डबा,
आत रिपोर्ट, रेशन कार्ड, तालुक्याच्या डॉक्टरची चिठ्ठी.
शेजारी मामंजी, गळ्याला मफलर,
मफलरखाली भोक.

मष्णू गावडे म्हणजे गावात आवाज.
कौलांच्या भट्टीवरून हाक मारली
की पलीकडच्या शिवारात म्हैस मान वर करायची.
पाट्या कुठल्या भाषेत लावायच्या, यावरून
दोनदा पोलीस ठाण्यात बसून आलेला माणूस
आता पाटीवर बोलतो.
"पाणी." "दुखतंय." "पैसे किती झाले?"
हा शेवटचा प्रश्न मी ओल्या फडक्यानं पुसून टाकते.

नवरा म्हापशाला. शनिवारी पैसे, रविवारी फोन:
"बरे आहेत काय?"
बरे आहेत, म्हणते.
नणंद अंगारा पाठवते. भावकी सल्ला पाठवते.
नळीतून आंबील कशी घालायची
हे कुणाच्याच सल्ल्यात नव्हतं.

ते शिकवलं नीलव्वानं.
मुरगोडची. शेजारच्या खाटेवर तिचा नवरा.
तिचं मराठी मोडकं, माझं कानडी त्याहून.
नाचण्याची आंबील मलमलीतून दोनदा गाळ,
सिरिंज उंच धर, ढकलू नको,
आपोआप उतरू दे,
हे सगळं तिनं हातांनी सांगितलं.
मग डब्यातला फॉर्म ओढून घेतला.
तीन आठवडे घडी होऊन पडलेला.
त्या अक्षरांतली मला फक्त
बशीवरची गावं ओळखू येतात.
तिनं भरला. सही कुठं, बोट ठेवून दाखवलं,
आणि मनगटाला धरून नेलं
जिन्यामागच्या खोलीत. तिथं एक बाई बसते.
कुठल्या इंजेक्शनाचे पैसे सरकार देतं,
रात्री पाठ टेकायला जागा कुठं मिळते,
विचारलं तर सांगते.
अकरा आठवडे मी तोच जिना
चढत होते, उतरत होते.

मामंजींनी फॉर्म पाहिला, शिक्का पाहिला.
पाटीवर काहीतरी लिहिलं, पुसलं,
परत लिहिलं:
"तिला चहा दे."

त्या दुपारी नीलव्वा म्हणाली, "ऊट आतेन?"
मी रिकामी सिरिंज दाखवली. झालं की, आत्ताच.
तिनं मान हलवली,
बोट माझ्या छातीवर टेकवलं.
तुझं.

पुढच्या मंगळवारी तिची खाट धुतलेली.
गादी गॅलरीत, उन्हात.
आयाला विचारलं नाही.
गोळ्यांच्या पाकिटामागं तिचा नंबर होता,
तोही लावला नाही. लावून
कुठल्या भाषेत काय म्हणणार?

नवव्या दिवशी तोच नंबर वाजला. रात्री साडेनऊ.
मामंजी झोपलेले, उशाला पाटी.
तिकडं बराच वेळ नुसता श्वास,
लांब कुठंतरी कुत्रं.
मग: "ऊट आतेन?"

"आतु," म्हटलं. खोटं.
आणि फोन कानाला तसाच धरून
भाकरीच्या टोपलीवरचं फडकं
बाजूला केलं.