रुंद वळण

इंजिन पहिल्यांदा पडलं तेव्हा मी गोगलगायीला दोष दिला.
दुसऱ्यांदा, ओल्या पानाला.
तिसऱ्यांदा ते रूबार्बखाली उताणं पडलं,
दहाही चाकं हवेत, पोटातलं कढत पाणी मातीत सांडत,
तेव्हा मुकुंद खिडकीतून म्हणाला,
"वळणच वाईट आहे. इंजिन काय करील?"

खरं होतं. दोन फुटांची त्रिज्या.
सतरा वर्षांपूर्वी रूळ टाकले तेव्हा गाडी म्हणजे
चार चाकांचं एक ठेंगणं धूड आणि मागे दोन वाघिणी.
त्यांना पुरलं.
हे नवं इंजिन (नवं कसलं, हॅरोगेटच्या प्रदर्शनात
एका आजोबांनी दोनदा कापडात गुंडाळून,
दोनदा पुन्हा सोडून बघून, मग दिलेलं)
अंगाने लांब आहे. त्याच्याने एवढं वाकवत नाही.

शाळेत आमच्या अक्षराला वळण लावायचे,
पट्टीच्या धारेने, विशेषतः ळ-ला.
घरी मुलींना लावायचे.
मला कुठलंच धड लागलं नाही, आई म्हणायची.
आता सहासष्टाव्या वर्षी
स्किप्टनच्या या उतरत्या परसात,
जिथे रूळ एका टोकाला घोट्याशी
आणि दुसऱ्या टोकाला कमरेशी,
गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन
मी पितळेला वळण लावते आहे.

आधी खुंटी. मग सुतळी, साडेचार फूट.
खुंटी रूबार्बच्या वाफ्यात, मधोमध
(मुकुंद त्याचं लोणचं घालतो, दर मे महिन्यात,
आणि कैरीचं नाव काढू देत नाही).
सुतळी ताणून अर्धवर्तुळ चालत गेले
आणि खांदा कुंपणाला लागला.
पुन्हा मोजलं.
चौदा इंच कमी.

तीन दिवस कुणी विषय काढला नाही.

चौथ्या दिवशी शेजारच्या ऑडीबाई
चादरी वाळत घालता घालता म्हणाल्या,
"मग काप की दोन फळ्या.
माझ्या बाजूला तिथे नुसती खाजरी झुडपं आहेत.
मांजराला सांगते मी."

एवढंच. करवत त्यांचीच, तीही बोथट.

जुने रूळ उचलले. त्यांच्याखाली मुंग्या,
चिनीमातीच्या चिलमीची एक नळी,
आणि माझाच हरवलेला स्क्रू-ड्रायव्हर, गंजून लाल.
सिमेंट कालवलं.
हाताला ते नवं नव्हतं:
अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलच्या प्लास्टर-रूममध्ये
मनगटं, नडग्या, घोटे,
फुटबॉलवाल्या पोरांचे आणि बर्फावरून घसरलेल्या आज्यांचे.
ओलं असतं तोवरच ऐकतं.
नंतर त्याची मर्जी.

पितळेचं उलट.
एकदम मागाल तर कोपरा काढून बसते.
बोटभर मागावं, सोडावं,
पुढे सरकून पुन्हा बोटभर.
पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांमध्ये येऊन थांबेपर्यंत
ऑडीबाईंच्या मातीत गुडघे टेकून बसले होते मी,
आणि तिथून पहिल्यांदा पाहिलं आमचं घर,
त्यांना रोज दिसतं तसं:
वाळत टाकलेला मुकुंदचा सदरा, गळकं गटार,
मागच्या दारात उभा राहून
मी कुठे गेले ते बघणारा मुकुंद.

ऑगस्टचा रविवार. पावसाची भुरभुर होती, तरी पेटवलं.
मागच्या वाघिणीत मुकुंदने
बाटलीच्या झाकणातून लोणचं ठेवलं, फोडी चार.
गाडी निघाली. जुन्या वळणावर किंचाळायची चाकं;
या वेळी नुसती खडीवरची कुरकुर.
भोकातून पलीकडे गेली.
शेवटची वाघीण दिसेनाशी झाल्यावर मी मोजायला लागले.
हिशेबाने अकराला परत यायला हवी.

अकरा.
बारा.
तेरा. मुकुंदने माझ्याकडे पाहिलं नाही.
सोळा.
कुंपणापलीकडून ऑडीबाईंचा आवाज,
"थांब गं बाई, थांब जरा,"
मग एक मोठा ठसका,
मग पाण्याच्या नळाचा आवाज,
आणि एकविसाव्याला
फळ्यांमधून आधी वाफ आली.