डेमो मोड

माझ्या छातीवर प्रिस्का असं लिहिलंय.
प्रिस्का नोकरी सोडून दोहाला गेली,
तिचा बिल्ला मला मिळाला. माझा
पुढच्या आठवड्यात येतोय, मे महिन्यापासून.

पर्वरीच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्याच्या तोंडाशी
आमचं दुकान. बाहेर काहीही असो,
आत बावीस अंश
आणि बत्तीस टीव्हींवर एकच समुद्र,
दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा.
पक्षी डावीकडून येतो. बाई वळून हसते.
पुन्हा पक्षी.

मंगळवारी बेतीची दुर्पदा आली,
ओल्या चपला, कमरेला खोचलेलं सुंभ,
सुंभाला एक गाठ.
"इतलें नुस्तें आडवें मावूंक जाय, कापिनासतना."
मी लिटर सांगितले, तारे सांगितले,
कन्व्हर्टिबल म्हणजे काय तेही सांगितलं.
तिनं एकेक दार उघडून सुंभ धरलं.
सात फ्रिज. गाठ दर वेळी बाहेर.
मॅनेजर आधी वासानं नाक मुरडत होता,
नंतर तोच टेप घेऊन खाली बसला.
शेवटी आइस्क्रीमवाले नेतात तो आडवा फ्रीझर:
गाठ आत, वर चार बोटं जागा.
पैसे रोख दिले. मोजताना नोटांतून एक खवला
कीबोर्डवर पडला, एंटरपाशी.
अजून तिथेच आहे. मी पुसत नाही.

चिंबलचं जोडपं मिक्सर परत घेऊन आलं.
आवाज मोठा, म्हणे. म्हटलं, सगळ्यांचाच असतो.
"ह्याचा जास्त. हा लावला की
ह्यांचं बोलणं ऐकूच येत नाही मला."
नवरा तिच्या मागून, ओठ न हलवता:
"राहू दे हाच."

आणि कायतान. रोज चार वाजता.
एकतीस वर्षं जहाजावर, तीही इंजिन रूममध्ये,
म्हणजे समुद्रावर, पण समुद्र न बघता.
घ्यायचं काही नसतं. सगळ्यांत मोठ्या पडद्यासमोर
टोपी काढून उभा राहतो
आणि पक्षी यायच्या आत बोट दाखवतो: आता.
"प्रिस्का, हो दर्यो फट गो. हाका वास ना."
पाठ केलेलं मी म्हणते,
अंकल, क्वालिटी बघा, थेंब न् थेंब दिसतो.
"थेंबच दिसतात," तो म्हणतो.

गार्डने दोनदा विचारलं, काढू का बाहेर?
सांगितलं, गिऱ्हाईक आहे. विचार करतोय.

शनिवारी वीज गेली.
जनरेटरला अकरा सेकंद लागतात, मॅनेजरने मोजून ठेवलेत.
आधी एसीचा श्वास थांबला,
मग बत्तीस समुद्र एकदम विझले,
आणि काळ्या काचांत, दारावरच्या हिरव्या दिव्याच्या उजेडात,
आम्हीच: फुगे धरलेली मुलं,
हप्त्यांचं गणित अर्ध्यावर अडलेला एक माणूस,
हेडफोन लावून अजूनही नाचणारा पोरगा,
टोपी पोटाशी धरलेला कायतान, मी.
तेवढ्या उजेडात बिल्ला वाचता येत नाही.
"गो बाय," तो म्हणाला, "तुजें नांव कितें?"

सांगितलं. इथे उभं राहून
पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघालं ते,
मलाच चुकलंसं वाटलं.
"खंयचें?"
"केरी, सत्तरी."
"थंय दर्यो ना."
"ना. धरण आसा."
तो हसला असावा.

मग घरघर, पांढरा उजेड.
एकतीस टीव्ही मुकाट समुद्रावर गेले.
मोठा मात्र सगळं विसरला होता, विचारत होता:
हा टीव्ही कुठे आहे?
घर. दुकान.
रिमोट माझ्या हातात.
"घर दाब गो," कायतान म्हणाला, "पळोवया."
दाबलं असतं, तर काय दिसलं असतं ते मला माहीत आहे:
सिग्नल नाही.

मी दुकान दाबलं.
पक्षी आला, डावीकडून. कायतानने
बोट उचललं नाही. टोपी घातली, जिन्याकडे वळला.
"प्रिस्का मॅडम," हप्तेवाला म्हणाला,
"मग नऊ महिन्यांचं किती म्हणालात?"